१४ सर्व्हर, प्रत्येकात वेगळा क्रॉन: एका जागेवरून कसं सांभाळायचं?

वडगावकर | सोमवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी.

बेळगावात एका पतसंस्थेत कॉम्प्युटरचं बघतो. ‘बघतो’ म्हणजे पासबुक प्रिंटरात कागद अडकला तरी मलाच फोन आणि सर्व्हर बसला तरी मलाच. हेड ऑफिस शहरात. शाखा खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी अशा पसरलेल्या, आणि एक हद्दीपलीकडं चंदगडात. सगळी मिळून १४ लिनक्स मशिनं: ११ शाखांत, एक हेड ऑफिसात, दोन क्लाउडवर.

माझ्या आधीचा माणूस पुण्याला गेला. भला माणूस, भांडण काही नाही. जाताना वहीत सगळे पासवर्ड लिहून दिले. कुठल्या मशिनवर कुठला क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारा प्रोग्राम) लावलाय ते मात्र त्याच्या डोक्यातच पुण्याला गेलं.

गेल्या महिन्यात ऑडिटवाल्यांनी संकेश्वर शाखेची एक जुनी नोंद मागितली. म्हटलं, बॅकअपमधून काढून देतो. फोल्डर उघडलं. ४१ फाइली, रोज रात्री साडेअकराच्या, नावात तारीख घातलेली, अगदी शिस्तीत ओळीनं उभ्या. आकार बघितला तर प्रत्येक फाइल २० बाइट. एकूण एक.

झालं होतं असं. डेटाबेसचा पासवर्ड मध्ये कधीतरी बदलला. त्यामुळं डंप (डेटाबेसची प्रत काढणं) पहिल्याच पावलाला पडत होता. पण ओळ होती ‘डंप, मग पाइप, मग जीझिप’, म्हणजे डंपमधून निघेल ते थेट जीझिपला, त्यानं ते दाबून लहान करायचं. जीझिपला आत काहीच मिळालं नाही, त्यानं ते ‘काहीच नाही’ नीट गुंडाळून २० बाइटची फाइल केली आणि सांगितलं, काम झालं. क्रॉन खूश. चुकीचा मेसेज क्रॉन मेलनं पाठवतो म्हणे, पण मशिनवर मेल सर्व्हरच नाही. सिसलॉगमध्ये (मशिनच्या नोंदवहीत) रोज रात्री एक ओळ: एमटीए (मेल पाठवणारा प्रोग्राम) नाही, आउटपुट टाकून दिलं. ४१ वेळा सांगितलं बिचाऱ्यानं. ऐकायला कोण होतं?

नशीब की रोजचे व्यवहार हेड ऑफिसला वेगळ्या वाटेनं पोचतात, म्हणून नोकरी राहिली.

त्यानंतर सगळी मशिनं पालथी घालूलोय. रूटचा (मुख्य युजरचा) क्रॉनटॅब, म्हणजे कुठलं काम कधी चालवायचं ती यादी, वेगळा, ‘ऑपरेटर’ नावाच्या युजरचा वेगळा, ईटीसीतल्या क्रॉन-डी फोल्डरात आणखी, क्रॉन-डेलीत आणखी. निपाणीच्या मशिनवर एक जॉब दर पाच मिनिटांनी अशा फोल्डरात फाइल शोधतोय जे आता अस्तित्वातच नाही. एक काम तर क्रॉनमध्ये नव्हतंच, मशिन चालू होताना सुरू होणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ‘झोप, उठ, कर, परत झोप’ असं लिहून ठेवलेलं.

मला हवंय ते एवढंच. काय कुठं कधी चालतं ते एका जागी दिसावं. आणि चाललं नाही तर ४१ दिवसांनी नाही, दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाआधी कळावं. तुम्ही कसं करता?

निपाणीकर | सोमवार, रात्री १०:४८

२० बाइट! भावा, हसू का रडू. आमच्याकडं दूध संकलनाचं काम हाय. गावोगावच्या डेअरीत फॅट मशिनला जोडलेला एकेक छोटा लिनक्स डबा, सकाळ-संध्याकाळचं दूध मोजून मुख्य ऑफिसला पाठवायचा. ३० डबे. बिलं दहा दिवसांची, म्हणून १, ११, २१ तारखेचा क्रॉन.

आम्हाला तुझ्या उलट त्रास. सगळं चालायचं, पण एकदम! पोरानं एकच क्रॉनटॅब ३० डब्यांत कॉपी केला, सगळ्यांना सकाळी ९:००. नऊ वाजले की ऑफिसची लाईन अशी तुंबायची की जणू एसटीच्या एकाच दारातनं अख्खी जत्रा आत घुसालीया. मी वहीत यादी केली, हा डबा ९:०२, तो ९:०४. चाललंय. पण वही मळली आता.

टिळकवाडीचे काका | सोमवार, रात्री ११:२०

वडगावकर, तुमची गोष्ट वाचून जुन्या जखमेवरची खपली निघाली. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण टेप ड्राइव्हच्या काळात मीही कोऱ्या टेपा कपाटात रांगेनं लावल्या आहेत. लेबल सुवाच्य अक्षरात.

क्रॉन हा १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्येही होता. आज आपण वापरतो त्यातले बरेच क्रॉन १९८७ साली पॉल व्हिक्सी यांनी लिहिलेल्याचे वंशज. म्हातारा आहे पण काटक. त्याच्या खोडी मात्र माहीत हव्यात. आधी त्या तपासा, मग मोठी अवजारं आणा.

तुमच्या पाइपचं म्हणाल तर पाइपमध्ये शेवटच्या कमांडचा निकाल तोच सगळ्या ओळीचा निकाल. स्क्रिप्ट बॅशमध्ये (कमांड वाचून चालवणारा एक शेल) लिहा आणि वर ‘पाइपफेल’ चालू करा, म्हणजे मधलं कोणीही पडलं तरी ओळ पडली असं धरलं जातं. ही ओळ थेट क्रॉनटॅबमध्ये लिहू नका, कारण क्रॉन डिफॉल्टनं साधा ‘एसएच’ शेल वापरतो, आणि डेबियन-उबुंटूवर तो म्हणजे डॅश, बॅश नव्हे.

दुसरी खोड टक्क्याच्या चिन्हाची. क्रॉनटॅबच्या ओळीत टक्का म्हणजे नवी ओळ, आणि त्यापुढचं सगळं कमांडला इनपुट म्हणून जातं. फाइलच्या नावात तारीख घालायला सगळे टक्का वापरतात आणि मग ‘टर्मिनलवर चालतं, क्रॉनमध्ये चालत नाही’ म्हणून डोकं धरून बसतात. टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ द्या, किंवा सरळ सगळं स्क्रिप्टमध्ये हलवा. मी दुसरं सांगेन. क्रॉनटॅबमध्ये फक्त वेळ आणि स्क्रिप्टचं नाव, बाकी अक्कल स्क्रिप्टमध्ये.

क्रॉनचा पाथही (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी) तोकडा असतो हे माहीत असेलच. आणि क्रॉन-डी फोल्डरात फाइलच्या नावात टिंब असेल तर डेबियन घराण्यातला क्रॉन ती फाइल मुकाट्यानं सोडून देतो. ‘बॅकअप’ नावाची फाइल चालते, ‘बॅकअप डॉट क्रॉन’ चालत नाही. माझा यात एक पूर्ण रविवार गेलेला आहे. घरी मांडे केले होते त्या दिवशी. गारढोण खाल्ले.

शिकाऊ | मंगळवार, सकाळी ८:०५

काका, एक शंका. मी इथल्या एका जुन्या धाग्यात बघून दुसऱ्या शनिवारसाठी ‘० २१ ८-१४ * ६’ (मिनिट, तास, तारीख, महिना, वार) असं लिहिलं, तर क्रॉनटॅब म्हणतो ‘बॅड मिनिट’.

निपाणीकर | मंगळवार, सकाळी ८:१२

बाळा, तू देवनागरी शून्य घातलास 😄 इथं आपण मराठीत लिहितो म्हणून, मशिनला इंग्रजी आकडेच लागतात.

टिळकवाडीचे काका | मंगळवार, सकाळी ९:३०

आकडे सुधारलेत तरी ओळ चुकलेलीच आहे, आणि ‘बॅड मिनिट’ आलं हे बरंच झालं म्हणायचं. आपल्याला वाटतं, ८ ते १४ तारीख *आणि* शनिवार. क्रॉन वाचतो, ८ ते १४ तारीख *किंवा* शनिवार. तारीख आणि वार दोन्ही रकाने भरले की त्यांच्यात ‘किंवा’ धरला जातो. म्हणजे हा जॉब आठवडाभर रोज चालेल, शिवाय महिन्यातला प्रत्येक शनिवार. वाराच्या जागी चांदणी ठेवा, आणि आज शनिवार आहे का ते स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत विचारा.

वडगावकर | मंगळवार, सकाळी ९:४१

काका, थांबा. आमच्या हेड ऑफिसच्या मशिनवर अगदी हीच ओळ आहे. दुसऱ्या शनिवारची डेटाबेस साफसफाई. ती आठवडाभर रोज रात्री नऊला चालूलाय होय? म्हणूनच पिग्मीचं अपलोड त्या आठवड्यात अडकतं! एजंट लोक सात-साडेसातनंतर मशिन जोडतात, शेवटचे नऊपर्यंत येतात. मी इतके दिवस नेटवर्कवाल्याला शिव्या घालूलोय.

खानापूरची | मंगळवार, दुपारी १:२५

मूळची खानापूरची, आता बेंगळूरला एका कंपनीत सर्व्हरचंच काम करते. मशिनं शंभरांत आहेत, पण दुखणं तुमचंच.

दादा, तुम्ही तीन वेगळे प्रश्न एकाच पोत्यात घातलेत. काम *लिहून* कुठं ठेवायचं, काम *चालवायचं* कुणी, आणि झालं की नाही ते *कळवायचं* कुणाला. लिहिलेलं एका जागी हवं. कळणंही एका जागी हवं. चालणं मात्र ज्या त्या मशिनवरच राहू दे.

लिहून ठेवायला गिट (फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं) आणि अ‍ॅन्सिबल (एका जागेवरून सगळ्या मशिनांवर ते लिहिलेलं लावणारं). अ‍ॅन्सिबलला मशिनवर वेगळं काही बसवावं लागत नाही, एसएसएच (दुरून मशिनमध्ये शिरायची वाट) आणि पायथॉन असलं की पुरे. क्रॉनसाठी त्याचं तयार मॉड्यूल आहे. प्रत्येक जॉबला एक नाव द्यायचं. ते नाव तो क्रॉनटॅबमध्ये शेऱ्यासारखं वर लिहितो आणि पुढच्या वेळी त्यावरूनच ओळखतो. इथं एक ठेच लागते: नाव बदललंत तर त्याला वाटतं नवा जॉब आहे. जुना तसाच राहतो, नवा शेजारी बसतो, काम दोनदा. जॉब काढायचा तर यादीतली ओळ नुसती पुसून भागत नाही, ‘अ‍ॅबसेंट’ असं सांगून एकदा चालवावं लागतं.

निपाणीकर दादा, तुमच्या वहीची सुट्टी करा. अ‍ॅन्सिबलमध्ये मिनिटाच्या जागी रँडम आकडा घेता येतो आणि त्याला मशिनचं नाव बी म्हणून देता येतं. मग डब्यांची मिनिटं पांगतात (काहींचं जुळेलही), पण त्या त्या डब्यापुरतं दर वेळी तेच. कितीही वेळा चालवा, बदलत नाही.

आणि कळवण्याबद्दल. काम पडलं की मेसेज, ही पद्धत सोडा. मशिनच बंद असेल तर मेसेज पाठवणार कोण? उलटं करा. काम *झालं* की स्क्रिप्टनं शेवटी एका पत्त्यावर कर्लनं (वेबपत्ता उघडणारी कमांड) टकटक करायची. ठरलेल्या वेळेत टकटक आली नाही की तिकडून बोंब. हेल्थचेक्स नावाचं साधन हेच करतं, ओपन सोर्स आहे, स्वतःच्या मशिनवर बसवता येतं. प्रत्येक कामाला किती वेळानं टकटक अपेक्षित आणि वर किती सवलत, एवढंच सांगायचं. संकेश्वरचा बॅकअप पहिल्याच रात्री सापडला असता.

फक्त टकटक करण्याआधी फाइलचा आकार तपासा हं. नाहीतर २० बाइटची टकटक येत राहील.

उद्यमबाग | मंगळवार, दुपारी ३:१०

एवढा व्याप कशाला? आमच्या फौंड्रीत आठ सर्व्हर आहेत, एका मशिनवर रनडेक बसवलंय. वेबपानावर सगळे जॉब दिसतात, तिथूनच एसएसएचनं बाकीच्यांवर चालतात, कोणी चालवला, काय आउटपुट आलं, सगळी नोंद. मालकाला पण दाखवता येतं. हिरवं-लाल. मालकाला हिरवं आवडतं.

खानापूरची | मंगळवार, दुपारी ४:०२

तुमचे आठही सर्व्हर एका आवारात आहेत ना? मग छानच आहे. पण दादांची शाखा खानापुरात आहे. जुलैत कणकुंबी-जांबोटीकडं पाऊस कसा असतो ते आमच्या आईला विचारा, तीन-तीन दिवस लाईट नाही आणि नेटची केबल झाडाखाली. चालवणारा बेळगावात बसला आणि लाईन तुटली, तर शाखा सुरू असूनही तिचा दिवसाचा हिशेब बंद होणार नाही. काम शाखेचं, डेटा शाखेत, मग घड्याळही शाखेतच असू दे. लाईन आली की टकटक पोचेल.

दुसरं म्हणजे एका मशिनवर १४ मशिनांच्या किल्ल्या. पतसंस्था आहे.

उद्यमबाग | मंगळवार, दुपारी ४:२०

किल्ल्यांचं म्हणशील तर अ‍ॅन्सिबल चालवणाऱ्या मशिनवर पण त्याच किल्ल्या असतात की.

खानापूरची | मंगळवार, दुपारी ४:३१

बरोबर, तो मुद्दा मागे घेते. फरक इतकाच की ते मशिन आठवड्यातून एकदा लागतं, रोज रात्री नाही. काम झालं की बंद करून कपाटात ठेवलं तरी जॉब चालूच राहतात. पावसाचा मुद्दा मात्र कायम.

वडगावकर | मंगळवार, रात्री ९:५०

ताई, डोकं ताळ्यावर आलं. आणखी दोन दुखणी सांगतो.

एक, क्लाउडवरची दोन मशिनं. दोन्हीवर हप्त्याच्या आठवणीचा एसएमएस पाठवायचा जॉब होता, एक बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून. दोन्ही चालू असल्यावर काय होणार ते लिहायला नको. सभासदांना दोन-दोन एसएमएस, एक मराठीत एक कन्नडमध्ये असते तर निदान कारण सांगता आलं असतं, पण दोन्ही सारखेच. शहापूरच्या एक आजी काउंटरवर येऊन म्हणाल्या, “एकदा भरले की रे बाबा, दोनदा कशाला मागतोस?”

दुसरं, त्याच मशिनांचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं). रात्री १२:३० चा रिपोर्ट म्हणून कोणीतरी ‘१९:००’ लावलेलं. वेळ बरोबर. पण स्क्रिप्ट ‘कालची तारीख’ मशिनला विचारते, आणि आपल्याकडं मंगळवार उजाडला तरी यूटीसीत सोमवारच. म्हणून रिपोर्ट रविवारचा येतो. आमचे मॅनेजर रोज म्हणायचे रिपोर्ट एक दिवस मागं आहे, मी म्हणायचो रिफ्रेश करा.

टिळकवाडीचे काका | मंगळवार, रात्री १०:३०

मॅनेजरांची माफी मागा.

मध्यरात्री ते पहाटे साडेपाच ही यूटीसीवाल्या मशिनची वेडी वेळ, तारीख एक दिवस मागे असते. एक तर मशिनचा टाइमझोन एशिया-कोलकाता करा, आणि केल्यावर क्रॉनची सेवा रीस्टार्ट करायला विसरू नका, नाहीतर तो जुन्याच वेळेवर चालत राहतो. किंवा मशिन यूटीसीवर ठेवा आणि स्क्रिप्टमध्ये तारीख काढताना टाइमझोन स्पष्ट लिहा. रेडहॅट घराण्यातल्या क्रॉनीत ‘क्रॉन-टीझेड’ लिहून वेळ ठरवता येते, पण त्यानं फक्त कधी चालायचं ते ठरतं. आतल्या स्क्रिप्टची तारीख मशिनचीच. डेबियनच्या क्रॉनवर तर तेही नाही. (क्रॉनी दोन आहेत हो: एक हा क्रॉन, दुसरा घड्याळ जुळवणारा. बारशाला कोण होतं कोणास ठाऊक.)

दोन एसएमएसवर कोणीतरी फ्लॉक सुचवेल, म्हणून आधीच सांगतो. फ्लॉक चांगला आहे, आधीचा जॉब संपला नसेल तर दुसरा सुरू होऊ देत नाही, आणि प्रोसेस मेली की कुलूप आपोआप सुटतं. पण कुलूप त्या मशिनच्या दाराला. शेजारच्या मशिनला ते दिसतही नाही.

खानापूरची | मंगळवार, रात्री १०:५५

मग कुलूप दोघांना दिसेल अशा जागी, म्हणजे डेटाबेसात. एक टेबल, त्यात कामाचं नाव आणि तारीख, दोन्ही मिळून युनिक. जॉब सुरू झाला की आधी आपली ओळ घालून बघायचं. ओळ गेली तर काम तुझं. ‘आधीच आहे’ असं उत्तर आलं तर दुसऱ्यानं घेतलंय, गुमान परत जा. फक्त ओळ घालून मशिन मध्येच मेलं तर काय, हे ठरवून ठेवा. एसएमएस असेल तर मी म्हणेन राहू दे, दोनदा मागण्यापेक्षा एकदा न मागितलेला बरा. व्याज जमा करायचं काम असेल तर उलट, तिथं माणसानं बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका.

चंदगडी | बुधवार, सकाळी ७:४०

सगळं वाचलं. वडगावकर, तुमच्या चंदगड शाखेत माझं खातं आहे बहुतेक 😀 पण एक गोष्ट कोणी काढली नाही. सुट्ट्या. १ नोव्हेंबरला तुमच्याकडं कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी. आमच्याकडं साधा कामाचा दिवस. क्रॉनला हे कोण सांगणार?

बेळगावी कुंदा | बुधवार, सकाळी ८:१५

सुट्टी कसली, आपला तो काळा दिन. १९५६ पासून…

नियामक | बुधवार, सकाळी ८:२२

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिकडं ४०० प्रतिसाद झालेत. इथं क्रॉन.

वडगावकर | बुधवार, सकाळी १०:०५

चंदगडी, नेमकं दुखतं तिथंच बोट ठेवलंत. गेल्या १ नोव्हेंबरला हेच झालं. सुट्ट्यांची यादी सगळ्या मशिनांवर एकच. चंदगड शाखा उघडली, दिवसभर व्यवहार झाले, रात्री डे-एंडचा (दिवसाचा हिशेब बंद करायचा) जॉब म्हणाला आज सुट्टी आणि झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅशियरला डे-बिगिन होईना. मी इथून व्हीपीएननं हातानं केलं, तोवर काउंटरला रांग.

टिळकवाडीचे काका | बुधवार, सकाळी ११:१५

क्रॉनला सुट्ट्या शिकवायच्या फंदात पडू नका, पाच रकान्यांत दिवाळी बसत नाही. जॉब रोज चालू द्या. स्क्रिप्टनं उठल्यावर पहिला प्रश्न विचारायचा: आज *माझी* शाखा उघडी होती का? याद्या दोन करा, कर्नाटकची आणि महाराष्ट्राची, आणि कुठल्या मशिनला कुठली ते अ‍ॅन्सिबल ठरवेल. दुसरा-चौथा शनिवारही त्याच यादीत.

खरं तर त्याहून साधं आहे. त्या दिवशी एकही व्हाउचर पडलं असेल तर शाखा उघडी होती. यादी चुकते, व्हाउचर चुकत नाही.

खानापूरची | बुधवार, सकाळी ११:४०

काका, भारी. याला एक जोड: सुट्टी म्हणून परत गेलं तरी टकटक करा. नाहीतर दर रविवारी रात्री दादांचा फोन वाजेल, आणि दोन महिन्यांत ते फोन म्यूट करायला शिकतील. मग पुन्हा ४१ दिवस.

आता शाखांच्या मशिनांसाठी मी क्रॉनऐवजी सिस्टमडी टायमर (लिनक्समधलंच, क्रॉनसारखं ठरल्या वेळी काम चालवणारं साधन) सुचवते. कारण एकच. शाखेत संध्याकाळी शिपाई मामा मेन स्विच बंद करून जातात. बरोबर ना?

वडगावकर | बुधवार, दुपारी १२:०२

तुम्ही आमच्या हुक्केरी शाखेत येऊन गेला होता काय?

खानापूरची | बुधवार, दुपारी १२:३०

सगळीकडं तेच मामा असतात 😄

क्रॉनची वेळ चुकली की चुकली, तो मागचं भरून काढत नाही. टायमरमध्ये ‘पर्सिस्टंट’ चालू केलं की शेवटचं कधी चाललं ते डिस्कवर लिहून ठेवतो, आणि मशिन चालू झाल्यावर मधली वेळ हुकली असेल तर लगेच एकदा चालवतो. दहा वेळा हुकली तरी एकदाच, हे लक्षात ठेवा. म्हणजे स्क्रिप्टनं ‘आजचं काम’ न करता ‘शेवटच्या झालेल्या दिवसापासून पुढचं सगळं’ करायला हवं.

वर फुकटात बरंच मिळतं. आधीचं काम चालू असेल तर तेच युनिट दुसऱ्यांदा सुरू होत नाही. रँडमाइज्ड-डिले म्हणून निपाणीकरांची जत्रा पांगवायची सोय. आउटपुट जर्नलमध्ये (सिस्टमडीच्या नोंदवहीत) जातं, एमटीए लागत नाही. ‘लिस्ट-टायमर्स’ म्हटलं की पुढचं कधी, मागचं कधी, सगळा तक्ता. आणि शिकाऊच्या दुसऱ्या शनिवारसाठी इथं वार आणि तारीख यांच्यात ‘आणि’च आहे: ‘सॅट *-*-०८..१४ २१:००’ (आकडे आणि वार इंग्रजीत रे!). बरोबर लिहिलंय का ते ‘सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ कॅलेंडर’ला विचारायचं, तो पुढची तारीख काढून दाखवतो.

टिळकवाडीचे काका | बुधवार, दुपारी १:०५

एका ओळीच्या जागी दोन फाइली. सर्व्हिस वेगळी, टायमर वेगळा. आमच्या वेळी…

खानापूरची | बुधवार, दुपारी १:०८

काका, फाइली तुम्ही लिहायच्याच नाहीत, अ‍ॅन्सिबल एका साच्यातून दोन्ही काढतो.

टिळकवाडीचे काका | बुधवार, दुपारी १:१५

मग ठीक. क्लाउडवरच्या मशिनांवर, जी कधी बंद होत नाहीत, तिथं माझा क्रॉन राहू दे एवढीच विनंती.

आणि वडगावकर, क्रॉनटॅब हातानं उघडायची सवय मोडा. ‘क्रॉनटॅब’ कमांडपुढं ‘ई’ म्हणजे बदल, ‘आर’ म्हणजे सगळा क्रॉनटॅब पुसून टाक, न विचारता. कीबोर्डवर दोघं शेजारी. यासाठी तरी गिटमध्ये प्रत हवीच.

वडगावकर | रविवार, सकाळी ११:३० (साडेतीन आठवड्यांनी)

मंडळी, धागा वर काढतोय, कारण तुमचं देणं लागतो.

सगळी मशिनं मिळून ६३ जॉब निघाले. २२ मेलेले होते, काढले. ९ दोन-दोनदा होते. उरलेले गिटमध्ये गेले. ठरवलं ते असं: शाखांवर टायमर, क्लाउडवर काकांचा क्रॉन, आणि टकटक ऐकणारा डबा हेड ऑफिसच्या बाहेर वेगळ्या मशिनवर ठेवला, कारण हेड ऑफिसचीच लाईट गेली तर बोंब मारणारा पण त्यात गेला असता. उद्यमबागवाल्यांचं पण ऐकलं, हिरव्या-लाल ठिपक्यांचं पान चेअरमनसाहेबांना दाखवलं. त्यांना हिरवं आवडलं.

एक घोळ केलाच. अ‍ॅन्सिबलमध्ये एका जॉबच्या नावातला शुद्धलेखनाचा दोष सुधारला. ताईंनी सांगून ठेवलं होतं तरी. दोन रात्री क्लाउडवर रिपोर्ट दोनदा गेला.

गुरुवारी रात्री १२:२० ला फोन वाजला. खानापूर, बॅकअपची टकटक नाही. मामांना फोन लावला, बिचारे झोपेतनं उठले. म्हणाले, “इकडं नऊपासून लाईट नाही साहेब, धो धो पाऊस, यूपीएस पण गेला. सकाळी बघू की.” मी पण झोपलो. सकाळी ९:०५ ला मामांनी स्विच टाकला, ९:११ ला ठिपका हिरवा. मी काही केलं नाही. बसमध्ये होतो.

टिळकवाडीचे काका | रविवार, दुपारी १२:१०

छान. बॅकअप परत उघडून बघितलात का एकदा तरी?

वडगावकर | रविवार, दुपारी १२:२५

काल दुपारी त्यासाठीच थांबलो होतो. संकेश्वरची शुक्रवारची फाइल घेतली, २१४ एमबी, जुन्या मशिनवर उघडली. शेवटची नोंद संध्याकाळी ७:५२ ची. पिग्मी, ४० रुपये.